चौदा फरश्या

सोलापूर,
२६ ऑक्टोबर

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, आधी अवघड ते सांगून टाकते, म्हणजे पुढचं पत्र निवांत लिहिता येईल. भाजीचे वाफे करायला मागच्या अंगणातली शहाबादी फरशी उचलली. सगळी नाही. न्हाणीपासून तुळशीपर्यंतचा जायचा-यायचा पट्टा तसाच ठेवलाय. कंपाउंडच्या भिंतीकडच्या चौदा फरश्या निघाल्या. दादाच्या कानावर घातलं होतं, पण त्यानं तुम्हाला सांगितलं नसणार. अशा वेळी त्याचा फोन बरोबर चार्जिंगला असतो.

आई चिखलात घसरून मनगट मोडून बसली, त्याच पावसाळ्यात तुम्ही ती फरशी बसवून घेतली होती, हे मी विसरले नाही. म्हणून राहिलेल्या पट्ट्यावर गवंड्याकडून टाकी मारून घेतली, जात्याला मारतात तशी. आता ओल्या पायानंही सरकत नाही. मी मुद्दाम बादलीभर पाणी ओतून चालून बघितलं.

फरशीखाली काय निघालं म्हणता? वर सिमेंट-वाळूचा थर, मग मुरूम, आणि त्याखाली आपली काळी. इतकी वर्षं ऊन नाही, हवा नाही, नुसती दगड झालेली. पहार मारली की ठण्ण आवाज. मध्ये मध्ये चुनखडीचे पांढरे खडे. पाणी सोडलं तर अशी चिकटली की चपलेला उंच टाचा आल्यासारखं झालं, आणि दोन दिवस ऊन लागलं तर बोट जाईल एवढी भेग. शाळूला हीच माती सोनं आहे, खालची ओल धरून ठेवते आणि पाऊस गेल्यावरही पीक उभं राहतं. पण मेथीच्या कोवळ्या मुळाला ती पेलत नाही. मग सगळी खणत बसण्यापेक्षा वरच दोन वाफे उंच केले. दोन घमेली माती, एक घमेलं शेणखत, एक वाळू. गाजराच्या वाफ्याला वाळू जास्त, नाहीतर काळ्या रानात गाजराला दोन-दोन पाय फुटतात.

शेणखताचं मात्र फसता फसता वाचले. गवळी पोतं घेऊन आला, मी हात घातला तर आतून गरम. परत पाठवलं. कच्च्या खतातनं मुळं खाणारी हुमणी अळी येते हे तुम्ही गुलाबाच्या वेळी सांगितलेलं, बघा, कामाला आलं. दुसऱ्या ठिकाणचं आणलं, ते मातीसारखं भुरभुरीत होतं आणि वासही नव्हता.

आई, आता तुझ्याशी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उत्साहात कोथिंबीर पेरली. एक पान आलं नाही. दोन चुका झाल्या. एक, उन्हाळा परत आल्यासारखं ऊन होतं, आणि कोथिंबिरीला असली तापलेली माती चालत नाही. दुसरं, मी अख्खे धणे टाकले. त्या एका धण्यात दोन बिया असतात. लाटण्यानं हलकेच रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायच्या आणि मग पेरायच्या, हे पुन्हा शिकले. आणि ते धणे तुझ्या मसाल्याच्या डब्यातले होते. नंतर दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले, त्यातले चारच उगवले. घटात बी कसं वर येतंय ते बघून तू वर्षाचं ठरवायचीस, तोच हिशेब. नवीन बी आणून परवा पुन्हा पेरली. मेथीचं तसं काही नाही, ती चौथ्या दिवशी मान वर काढून उभी. पुढच्या आठवड्यात कोवळी उपटून पहिली जुडी होईल, सोबत शेंगाचटणी आणि कडक भाकरी.

शेजारच्या अक्का रोज भिंतीवरनं डोकावतात. पुंडीचं, म्हणजे अंबाडीचं, बी मुठीत घेऊन आल्या, "गोंगुरा लाव" म्हणून. पुंडीचा पाला पावसाळ्यात लावलेलाच जोमानं येतो, म्हणून पुडी बांधून जूनसाठी ठेवली. पण त्यांनी विड्या वळता वळता वांग्याची रोपं कुठली घ्यायची ते अचूक सांगितलं.

आता खरं कारण. भोगी. १२ तारखेला गाजर, हरभरा पेरला आणि वांग्याची रोपं लावली. तारखेचा हिशेब उलटा मांडलाय: १३ जानेवारीपर्यंत ९३ दिवस. गाजराला तेवढे पुरतात, वांगी त्याच्या आतच धरतील. हरभरा महिन्याचा झाला की शेंडे खुडेन, भाजीही होईल आणि झाड डेरेदार होऊन घाटेही जास्त धरतील. राहिला पावटा. आई, ते बी तू कुठं ठेवलंस? फडताळातल्या स्टीलच्या डब्यात नाही, देवघराखालच्या पत्र्याच्या डब्यातही नाही. हे एवढं फोनवरच सांग, पत्रानं उत्तर पाठवू नकोस. आजपासून भोगीला ७९ दिवसच आहेत आणि पावट्याला सगळे लागतील.

पाण्याचं विचाराल. नळ चार-पाच दिवसांनी येतो, ते काही बदललं नाही. पण भाजी धुतलेलं, डाळ-तांदळाचं पाणी वाफ्याला जातं, शिवाय वांग्याच्या मध्ये दोन मडकी गळ्यापर्यंत पुरली. कुंभाराकडची साधी, भाजलेली, रंग न लावलेली. भरून वर झाकण ठेवलं की पाणी भिंतीतून पाझरत राहतं आणि मुळं आपसूक त्या बाजूला वळतात. वर कडुनिंबाचा वाळलेला पाला पसरलाय, ऊन थेट लागत नाही. मावा आला तर निंबोळीचा अर्क आहेच: लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर, सकाळी गाळून थोडा साबण, संध्याकाळी फवारायचं. अजून तरी गरज पडली नाही.

बाबा, गुडघ्याचे व्यायाम करता ना? दादा म्हणाला, डॉक्टर जिना चढायला सांगतायत आणि तुम्ही लिफ्टशी जास्त सलगी केलीय. सोलापुरात लिफ्ट नाही, पट्टा आहे, न्हाणी ते तुळस, टाकी मारलेला. तो चालायला जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात या. सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला गर्दीत न्यायचं नाही, हे मी आत्ताच सांगते. यंदा नंदीध्वज टीव्हीवरच बघू. पण भोगीची भाजी घरच्या वाफ्यातली, बाजरीची भाकरी, तीळ वरून. तिळाची भाकरी आईच करेल, माझी अजून तव्यावरच फुटते.

आणि एक राहिलं. फरश्या फोडल्या नाहीत. धुऊन पुसून भिंतीला उभ्या लावून ठेवल्यात, मोजून चौदा. एकीचा कोपरा उडालाय, ती माझी चूक. तुम्हाला परत बसवायच्याच असतील तर बसवू, पण भोगीनंतर.

तुमची,
बेबी