वॉरंटी संपली तरी जॉब शीट मागा

महोदय,

गणपतीला गावची बंद घरं उघडली की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मेकॅनिकांचे फोन खणखणायला लागतात. फ्रिज सुरू होतो पण थंड होत नाही, वॉशिंग मशीनचे दिवे लागतात पण ड्रम फिरत नाही. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं असतं : "वॉरंटी संपली, आता चार्जेस लागतील." लोकही मुकाट्याने पैसे काढतात.

वॉरंटी म्हणजे कंपनीने आपणहून लिहून दिलेला शब्द. तो बहुधा वर्षाने संपतो. मालात मुळातच दोष असेल तर प्रश्न ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा आहे. त्यातल्या 'दोष' या शब्दाच्या व्याख्येत वॉरंटीच्या मुदतीचा उल्लेख नाही. करारात लिहिलेला असो वा गृहीत असो, अपेक्षित दर्जा नसणं म्हणजे दोष. तक्रारीची मुदत कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. म्हणून तेराव्या-चौदाव्या महिन्यात बंद पडलेल्या यंत्राबाबत गप्प बसायचं कारण नाही. सात वर्षं वापरलेल्या मशीनसाठी मात्र भांडू नये, तिथे काही हाती लागत नाही.

खरी अडचण पुराव्याची. दोष कारखान्यातला की आपल्या खाऱ्या हवेचा, विजेचा, वापराचा, हे आधी ओळखावं लागतं. फ्रिजचं उदाहरण घ्या. कॉम्प्रेसर सतत चालू, फ्रीझरच्या एकाच कोपऱ्यात बर्फ, आणि मागची जाळी किंवा बाजूचा पत्रा कोमटसुद्धा नाही, तर बहुधा गॅस गेलेला असतो. नव्या घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए हा गॅस जेमतेम पन्नास ग्रॅमच्या आसपास असतो; सुईएवढं छिद्रही पुरतं. गळती मागच्या उघड्या नळीच्या सांध्यावर असेल आणि तिथे हिरवट-पांढरा थर दिसत असेल तर कंपनी समुद्राच्या हवेकडे बोट दाखवणार. गळती फोममध्ये गाडलेल्या नळीत असेल तर तिथे ग्राहकाचा हात कधी पोचलेलाच नसतो, आणि दोषाचा दावा तिथे भक्कम होतो. बर्फ सुरीने खरवडला असेल तर मात्र विषय संपला; मऊ अॅल्युमिनियमवरचा तो ओरखडा कुणीही ओळखतो. गळती न शोधता नुसता गॅस भरून देणारा मेकॅनिक दोन-तीन महिन्यांनी पुन्हा येतो, पुन्हा पैसे घेतो.

पीसीबीचंही, म्हणजे यंत्रातल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचंही, तसंच. वीज आत येते तिथला एमओव्ही (वाढलेलं व्होल्टेज स्वतःवर झेलणारा छोटा भाग) फुटून काळा झाला असेल तर तो वाढलेल्या व्होल्टेजचा बळी. वळवाच्या गडगडाटात किंवा न्यूट्रलची तार तुटल्यावर हे घडतं, त्यात उत्पादकाचा दोष नाही. बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांवर मुंग्या, पालीची विष्ठा किंवा क्षार दिसले तरी तेच. पण बोर्ड स्वच्छ आहे आणि रिलेच्या (बोर्डावरच्या स्विचच्या) पायाभोवती सोल्डरला गोल चीर गेली आहे, ज्याला कारागीर 'ड्राय सोल्डर' म्हणतात, तर ती जुळणीतली चूक असू शकते. असा बोर्ड टेक्निशियनला परत देऊ नका. निदान दोन्ही बाजूंचे फोटो, सीरियल नंबर दिसेल असे, काढून ठेवा.

टेक्निशियन आला की जॉब शीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, 'नॉट वर्किंग' एवढंच लिहून जातो. सही करण्याआधी त्याच्याकडून तीन गोष्टी लिहून घ्या : नेमका कोणता भाग गेला, का गेला, आणि जुना भाग कुणाकडे राहिला. व्हिजिट चार्ज दिलात तर पावती घ्या. या एका कागदावर पुढचं सगळं उभं राहतं, आणि तोच कागद बहुतेकांकडे नसतो.

'कॉम्प्रेसरवर १० वर्षं' हे स्टिकर पाहून भुलू नये. बहुतेक कार्डांवर ती हमी फक्त कॉम्प्रेसर या सुट्या भागाची असते. गॅस, फिल्टर, मजुरी, वाहतूक ग्राहकाच्या माथी. फिल्टरचे पैसे मागणं खोटं नसतं : सिस्टीम उघडली की ओलावा शोषणारा फिल्टर ड्रायर बदलावाच लागतो आणि व्हॅक्यूम पंप लावावा लागतो. नाहीतर आत राहिलेला ओलावा कॅपिलरीत (गॅसच्या बारीक नळीत) गोठून ती चोक होते. पण अंदाजपत्रक लेखी घ्या. वाढीव वॉरंटी विकत घेण्याआधी 'गंज' हा शब्द त्यात कुठल्या बाजूला आहे ते पाहा. किनाऱ्यावर तीच पहिली कटकट, आणि वगळलेल्या गोष्टींच्या यादीत ती असेल तर पैसे वाया.

कंपनी ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत तक्रार नोंदवता येते. तिथे पुष्कळ प्रकरणं मिटतात. पण हेल्पलाइनवर तक्रार केल्याने दोन वर्षांचं घड्याळ थांबत नाही. तिथे काही घडलं नाही तर कंपनी आणि दुकानदार दोघांना स्पीड पोस्टाने नोटीस द्या, पंधरा दिवसांची मुदत द्या, मग जिल्हा ग्राहक आयोगात जा. 'ई-जागृती' पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर कलम ३८ खाली आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. अहवालाची मुदत ४५ दिवस. म्हणून निकाल लागेपर्यंत यंत्र भंगारात देऊ नका.

कोकणापुरत्या दोन शंका वारंवार निघतात. फ्रिज मुंबईत मुलाने घेतला, बिल त्याच्या नावावर आणि वापरणारे आईवडील संगमेश्वरात. चालतं. खरेदीदाराच्या संमतीने वापरणाराही कायद्याने ग्राहकच, आणि तक्रार आता आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मात्र वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात, घर दहा महिने बंद होतं ही सबब चालत नाही. दुसरी शंका होम-स्टेवाल्यांची. स्वतः राबून पोटापाण्यासाठी चालवलेला व्यवसाय 'व्यापारी हेतू' धरला जात नाही, त्यामुळे मालवण-गुहागरात घरच्याच माणसांनी चालवलेल्या दोन खोल्यांचा एसी तक्रारीबाहेर जात नाही. कार्डावर 'फक्त घरगुती वापर' छापलं असेल तर कंपनी वॉरंटी नाकारू पाहील, पण आयोगाकडे जाण्याचा रस्ता बंद होत नाही.

दुकानदारांना एक सांगणं : बिलावर मॉडेलसोबत सीरियल नंबरही छापा, आणि थर्मल कागदाऐवजी साध्या कागदावर द्या. आपल्या दमट हवेत थर्मल बिलावरची अक्षरं बघता बघता पुसट होतात. तोवर ग्राहकांनी बिल घरी आणल्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढून वॉरंटी कार्डाला टाचून ठेवावी.

– एक वाचक, रत्नागिरी