कोर्टाचा लखोटा

क्लीव्हलँड, ओहायो
नोव्हेंबर, रविवार

तीर्थरूप आबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आम्ही तिघंही खुशाल आहोत. हे आधी लिहितो, कारण आई धड जेवत नाही असं सुमीनं कळवलंय. आई, जेव. मला अटक झालेली नाही, व्हायची पण नाही. कर्ज फेडता आलं नाही म्हणून इथं कुणाला तुरुंगात घालत नाहीत. जप्ती नाही, पोलीस नाही. नोकरी आहे, छोटी शाळेला जाते, तुमच्या सुनेनं काल भाकरी केली होती. पीठ इथं मिळतं, आपल्या ज्वारीची चव नसते एवढंच.

फोनवर बोललो असतो. पण आपल्या घरी फोन स्पीकरवर असतो आणि आबांना त्यातलं निम्मंच ऐकू येतं. कागद मात्र आबा चष्मा लावून दोनदा वाचतात. सुमी, मोठ्यानं वाचून दाखवू नकोस, पत्र सरळ आबांच्या हातात दे.

तर तो लखोटा, माझ्या दिवाळखोरीच्या अर्जाचा. पोस्टमननं तो दादाला मारुतीच्या देवळापुढं दिला आणि नेमके तिथं इंग्रजी वाचणारे दोघे बसलेले, हे माझं नशीब. गावात काय झालं असेल ते मला कळतं. पण ती धमकी नव्हती, नोटीस होती. दादावर कुणी केस केलेली नाही. दिवाळखोरीचा अर्ज केला की ज्याचं ज्याचं देणं आहे त्या प्रत्येकाचं नाव यादीत लिहावं लागतं, मग ती बँक असो की सख्खा भाऊ. कोर्ट प्रत्येकाला कळवतं. दादाचं नाव गाळलं असतं तर शपथेवर खोटं लिहिलं असं झालं असतं. त्या यादीत धनको म्हणून एकूण अकरा नावं होती. दहा इंग्रजी, अकरावं आपल्या आडनावाचं. ते टाइप करताना दादा डोळ्यांपुढं होता, एवढं तरी खरं माना.

वर्कशॉप कसं बुडालं ते तुम्हाला माहीत आहे, पुन्हा नको. बेळगावच्या उद्यमबागेत सहा वर्षं दुसऱ्याच्या लेथवर उभा राहिलो तेव्हा डोकं जास्त चालत होतं. इथं स्वतःच्या दोन मशिनींसाठी कंपनीच्या कर्जाला खाली स्वतःची वेगळी सही केली, जामीन म्हणून. कंपनी बुडाली, सही राहिली.

"दिवाळं काढलं" हा शब्द आबांच्या तोंडून फोनवर ऐकला. आबा, रागावू नका, पण दुसरा पण शब्द आहे आपल्याकडे. आठवीत असताना तुम्ही उत्पन्नाचा दाखला आणून माझा नादारीचा फॉर्म भरला होता, फी माफ झाली होती. तेव्हा तुम्हाला लाज वाटली नव्हती, मला वाटली होती. आता उलट झालंय. इथला फॉर्म साठ-सत्तर पानांचा, त्यात कपड्यांची किंमत पण लिहायची. अर्जाची फी 338 डॉलर. कंगालीच्या अर्जाला फी भरायची, ह्यावर आमच्या वकिलाला पण हसू आलं. आधी एक कर्जसल्ल्याचा वर्ग करायचा, मागून पैसे कसे वापरावेत ह्याचा दुसरा. दुसऱ्या वर्गात मास्तरीण म्हणाली, दररोज थोडे थोडे बाजूला टाका. मला आपला पिग्मीवाला आठवला, सायकल घेऊन दारात उभा.

अर्ज 12 जूनला दाखल झाला आणि त्याच दिवसापासून वसुलीचे फोन बंद. कायद्यानं बंद. त्याआधी रोज पंधरा-वीस यायचे. छोटी फोन वाजला की दुसऱ्या खोलीत जायची. जुलैत सुनावणी झाली, ती पण घरातूनच, कॉम्प्युटरवर. सरकारनं नेमलेला ट्रस्टी, म्हणजे मालमत्ता तपासून धनकोंत वाटणारा माणूस, शपथ देऊन प्रश्न विचारतो. धनको येऊ शकतात, कुणी आलं नाही. सात-आठ मिनिटांत आटोपलं. सप्टेंबरच्या शेवटी देणी माफ झाल्याचा, म्हणजे सुटकेचा कागद हातात पडला. साडेतीन महिने. आपल्या सीमाभागाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, म्हणून मला हे खरंच वाटेना.

जमिनीचं विचारलंत. विचारणारच. माणसाची जगात कुठंही मालमत्ता असली तरी ती सांगावी लागते. उताऱ्यावर आबांचं नाव असलं तरी ती आज्जाची जमीन, म्हणून वकील म्हणाला, तुझा जो काही हक्क असेल तो लिही. दादाकडून मी उतारा मागवला तो ह्यासाठी, विकायला नव्हे. आणि आला तो कन्नडमध्ये. जन्म खानापूर तालुक्यात, आणि उतारा वाचायला मला धारवाडचा एक इंजिनिअर शोधावा लागला. बिचाऱ्यानं इंग्रजी भाषांतर करून दिलं, वर चहा पाजला, आणि जाताना हळूच म्हणाला, बेळगाव आमचंच बरं का. मी म्हटलं, आधी उतारा द्या, मग बोलू.

सुनावणीत ट्रस्टीनं विचारलं, गुंठा म्हणजे काय? मी सांगितलं, तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट, असे चाळीस म्हणजे एक एकर. दोन एकर दहा गुंठ्यांत माझे फार तर वीस-बावीस, तेही वाटणी झाली तर. त्यानं अर्धा मिनिट गणित केलं आणि मला त्यात रस नाही म्हणाला. त्यापुढं कुणी काही विचारलेलं नाही. आज्जानं 1974 च्या कुळकायद्यात सात नंबरचा फॉर्म भरून ती जमीन मिळवली. मी अर्ज केला तो इथल्या दिवाळखोरी कायद्याच्या सातव्या प्रकरणाखाली. आकडा तोच, बाकी सगळं उलट.

एक कलम मात्र आहे ते सांगतो, कारण आबा सुमीच्या लग्नाआधी वाटणीचे कागद करायचं म्हणतायत. अर्जानंतर 180 दिवसांत मला वारसानं काही मिळायचं झालं, तर ते पण ट्रस्टीकडं जमा होतं. वाटणीला ते कलम लागत नाही, पण तोवर कुठलेच कागद हलवू नका असं वकील म्हणाला. 9 डिसेंबरला ते संपतं. त्या वाक्याखाली सही करताना मी जरा थांबलो होतो. असो.

आता इथली एक गोष्ट सांगतो, ती समजल्याशिवाय बाकीचं समजायचं नाही. आपल्याकडं पत म्हणजे काय? नंदगडच्या बाजारात आबांनी नुसतं "लिहून ठेव" म्हटलं की दुकानदार लिहून ठेवतो, कारण त्याला आबा माहीत, आज्जा माहीत. ज्यानं आयुष्यात कर्ज काढलं नाही त्याला आपण मोठा माणूस म्हणतो. इथं अशा माणसाला पतच नाही! खरं सांगतो. इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन अशा तीन कंपन्या सगळ्या देशाची खातेवही ठेवतात, आणि त्यावरून प्रत्येकाच्या नावापुढं 300 ते 850 मधला एक आकडा पडतो. आकडा कसा वाढतो? कर्ज काढून. काढायचं आणि वेळेवर भरायचं. भरलं की थांबायचं नाही, पुन्हा काढायचं. कार्डाची मर्यादा हजाराची असली तर दोन-तीनशेच वापरायचे, कारण सगळे वापरले तर गरजू दिसतो, आणि काहीच वापरलं नाही तर दिसतच नाही. त्यामुळं इथली माणसं खिशात पैसे असून कार्डावर दूध घेतात आणि महिनाअखेर बिल भरतात. मला पहिली दोन वर्षं हे येडेपणाचं वाटायचं. मग मी पण त्याच आकड्याकडं रोज बघायला लागलो, जसं आबा ढगाकडं बघतात. नोकरी गेली तर माणूस सांगतो, आकडा पडला तर सांगत नाही.

माझा पडला. दिवाळखोरीची नोंद अर्जापासून 10 वर्षं त्या वहीत राहते. तेरावं म्हणून दुसरं प्रकरण आहे, तीन ते पाच वर्षं हप्ते भरायचे. त्याची नोंद बहुतेक सातच वर्षं राहते, पण तेवढे हप्ते भरायची माझी ऐपत नव्हती. आणि गंमत बघा, सुटकेचा कागद आल्यावर पंधरा दिवसांत टपालपेटी कर्जाच्या जाहिरातींनी भरली. मोटार घ्या, कार्ड घ्या. मला वाटलं चुकून आल्या. वकील म्हणाला, चुकून नव्हे, त्यांना पक्कं माहीत आहे की तुला आता 8 वर्षं पुन्हा हे सातवं प्रकरण वापरता येत नाही. सगळ्या फाडून टाकल्या. एकच कार्ड घेतलं, त्यात आधी आपलेच 300 डॉलर ठेवायचे, मग ते 300 पर्यंत उधार देतात. आपले पैसे गहाण ठेवून आपल्यालाच उधारी. त्यावर मी फक्त पेट्रोल भरतो.

घर बदललं हे खरं. वहिनींनी विचारलं होतं, घराबाहेर काढलं का? काढलं नाही हो. भाड्याचं घर मोठं होतं, परवडेना म्हणून सोडलं. नवीन मिळायला मात्र दीड महिना गेला. इथं घरमालक आधी फी घेऊन आकडा बघतो. तीन ठिकाणी नकार, एका ठिकाणी तर बाईनं अर्ज वाचून नुसतं हसून दार लावलं. शेवटी एका म्हातारीनं दिलं. दुमजली जुनं घर आहे, खाली ती, वर आम्ही. तिनं पगाराच्या तीन चिठ्ठ्या बघितल्या, एका महिन्याचं भाडं जास्तीचं ठेवून घेतलं आणि विचारलं, रात्री गोंधळ करता का? वीज कंपनीनं पण अनामत मागितली. दिली. खोल्या दोनच आहेत, पण ऊब आहे. स्वतःचं घर म्हणाल तर सरकारी हमीच्या कर्जाला सुटकेपासून 2 वर्षं थांबायचं, बँकेच्या साध्या कर्जाला बहुतेक 4. तोवर छोटी तेरा वर्षांची होईल.

अर्ज माझ्या एकट्याचा होता. तुमच्या सुनेचा आकडा शाबूत आहे. फक्त एक कार्ड दोघांच्या नावावर होतं, त्यातून मी सुटलो, ती सुटली नाही. ते ती भरते, स्वतःच्या पगारातून. बोलत काही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. निवृत्तीचा फंड, आपल्या पीएफसारखा, त्याला कुणी हात लावला नाही. दिवाळखोर म्हणून नोकरीवरून काढायला कायद्यानं बंदी आहे. आणि दादाच्या सिबिलला किंवा गावच्या पीकेपीएस सोसायटीच्या पीककर्जाला ह्याचा काही एक संबंध नाही. सेक्रेटरीनं काही म्हटलं तर हे पत्र दाखवा. नको, हे पत्र नको. मी वेगळं लिहून देतो.

दादा, आता तुझं. गेल्या वर्षीच्या गणपतीत मी तुला नऊ हजार डॉलर परत पाठवले, त्यातून तू वहिनींच्या पाटल्या सोडवल्यास. अर्जाआधीच्या एका वर्षात घरच्या माणसाचं देणं फेडलं, तर ट्रस्टी ते पैसे त्या माणसाकडून परत मागू शकतो, बाकीच्या धनकोंत वाटायला. परक्याला ही मुदत 90 दिवसांची, घरच्याला पूर्ण वर्षाची. मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी पाठवले असते, हे वकिलाला सांगितलं तर तो म्हणाला, हे कोर्टात बोलू नकोस. तुझ्याकडं कुणी मागणार नाही. सहा हजारांवर तडजोड झाली आणि ते मी भरतोय, महिना पाचशे, ऑक्टोबरपासून बारा हप्ते. पाटल्या वहिनींच्या हातातच राहू देत. राहिले साडेचार लाख. कायद्यानं ते माफ झाले, त्या कागदावर तसं छापलेलं आहे. पण आपण होऊन फेडायला कायदा आडवा येत नाही, मी मुद्दाम विचारून घेतलं. त्यामुळं तू ते माफ झालेत असं धरू नकोस, आणि बोलायचं पण बंद ठेवू नकोस. दोन महिने झाले.

सुमीच्या सोयरिकीचं. चंदगडची माणसं चांगली आहेत म्हणता, मुलगा सोसायटीत कायम आहे, मग अडवू नका. मी तीन लाख आणि गंठण म्हणालो होतो. आबा, ते ह्या वैशाखात होत नाही. फेब्रुवारीत ओव्हरटाइमचे पन्नास हजार येतील ते पाठवतो, मंडपाला धरा. बँकेच्या कर्जाला मी जामीन राहीन असं पण म्हणालो होतो, ते आता माझ्या नावावर कुठली बँक करेल? हॉल धरू नका, आपल्या खळ्यावर करा, पावसाच्या आत. लग्नाला मी एकटा येईन, किंवा येणार नाही, तिकीट बघून सांगतो. मुलाकडच्यांनी माझं विचारलं तर अमेरिकेत कारखान्यात नोकरीला आहे म्हणा. खोटं नाही. पण लखोट्याचं त्यांच्या कानावर गेलंच असेल तर सरळ सांगून टाका, नंतर सुमीला ऐकायला लागू नये. सुमी, तू हे वाचतेयस मला माहीत आहे. गंठण मी देणार आहे. लग्नात नाही तर पहिल्या दिवाळसणाला.

सुगी सुरू झाली असेल. मळणीला माणसं मिळाली का? इथं कालपासून बर्फ पडतंय. वडीलधाऱ्यांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
विजू

ता. क. आबा, 9 डिसेंबरपर्यंत मोटारसायकलवरून नंदगडला जाऊ नका. नंतर पण जाऊ नका, दादाला सांगा.