सूट बँकेपर्यंत पोहोचायला हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अन्न आणि औषधे व्यापारी निर्बंधांतून वगळावीत, हे तत्त्व जुनेच आहे. 1990 साली इराकवरच्या निर्बंधांतही औषधांना सूट होती. अमेरिकेने 2000 साली अन्न-औषधांसाठी कायदाच केला. तरी माल अडतो, आणि बहुतेक वेळा पैशापाशी अडतो.

इराणचेच पाहा. रावेर-सावद्याची केळी तिकडे जाते, आणि अन्न म्हणून तिच्यावर बंदी नाही. पण मार्च 2012 मध्ये निर्बंधांमुळे इराणी बँका ‘स्विफ्ट’मधून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून, काढल्या गेल्या. भारताने तोड काढली: इराणी तेलाच्या किमतीची काही रक्कम रुपयांत युको बँकेत जमा करायची आणि त्यातून बासमती, चहा, औषधे पाठवणाऱ्यांचे पैसे चुकते करायचे. मे 2019 नंतर तेलखरेदी थांबली आणि खात्यात नवी भर पडेनाशी झाली. इतर बँका डॉलरच्या व्यवहारात अमेरिकेचा दंड बसेल म्हणून कायदेशीर मालालाही हात लावत नाहीत. विमा आणि जहाज कंपन्यांचेही तेच.

केळीला थांबणे परवडत नाही. फण्या तुरटीच्या पाण्यात धुवून, साधारण 13 किलोच्या खोक्यांत भरून, रिफर (शीतगृहासारख्या) कंटेनरमध्ये 13-14 अंशांवर जातात. तापमान फार उतरले की साल काळवंडते, मग माल नीट पिकत नाही. उलट आत काही फण्या पिकायला लागल्या, तर त्यांच्या इथिलीनने उरलेला कंटेनरही पिकतो. कटाईनंतर हिरवा माल जेमतेम तीन-चार आठवडे टिकतो. त्यातले आठ दिवस कागदपत्रांत गेले तर उरते काय? 2 ते 8 अंशांत ठेवावे लागणारे इन्शुलिन तर याहून नाजूक.

खतही अन्नातच धरावे. केळीच्या एका झाडाला 200 ग्रॅम पालाश (पोटॅशयुक्त अन्नद्रव्य) लागते, म्हणजे सुमारे 333 ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश हे खत. पोटॅश आपण जवळजवळ सगळे आयात करतो, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये निर्बंधांमुळे बेलारूसच्या पोटॅशची लिथुआनियातून होणारी वाहतूक बंद झाली. पालाश कमी पडले की घड भरत नाही.

डिसेंबर 2022 मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव 2664 करून मानवतावादी मदतीचे पैसे मालमत्ता गोठवण्याच्या निर्बंधांतून वगळले. दहशतवादी गट गैरफायदा घेतील म्हणून भारत त्यावर तटस्थ राहिला. ती भीती रास्तच आहे. पण हा ठराव मदतीपुरता आहे, रोजच्या व्यापाराला त्याचा उपयोग नाही. केंद्राने प्रत्येक निर्बंधित देशासाठी एक ठरावीक बँक नेमावी, तिला दंड होणार नाही अशी लेखी हमी निर्बंध लादणाऱ्यांकडून घ्यावी, आणि त्या हमीत विमा, जहाजभाडे व रिफर कंटेनर यांचा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा.

– केळी निर्यात व्यवसायातील वाचक, रावेर (जि. जळगाव)