पणजीच्या त्या दोघांना

मंगळवारी मडगावहून कदंब बसने पणजीला उतरले आणि निळी फाईल सीटवरच राहिली. तीत वडिलांचा १९६१ आधीचा, पोर्तुगीजमधला जन्मदाखला होता. पोर्तुगीज नागरिकत्व मागायला तोच आधार, त्याच्याच जोरावर मी लिस्बनला निघाले आहे. चर्चला जाते, एवढंच मी बसमध्ये बोलले होते. तेवढ्यावरून भाजीवाल्या मावशी आणि कंडक्टर दादा भर पावसात चर्चच्या पायऱ्यांपर्यंत आले. "बाई, कागद भिजू दिले नाहीत हं." फाईल पदराखाली कोरडी होती. नाव विचारेपर्यंत दोघं गेलीही.

ज्याचं त्याला मिळणं म्हणजे न्याय, असं वीस वर्षं वर्गात शिकवलं. देवाकडे मागत होते ते मला त्या दोघांच्या हातून मिळालं. गोवा सोडणं आता आणखीच जड जातंय. मावशी, दादा, देव बरें करूं.