चित्राखाली ‘कल्पनाचित्र’ असे छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या एका महाकाय ग्रहाची बातमी वाचली. सोबत अर्धे पान व्यापणारे रंगीत चित्र: नारिंगी पट्ट्यांचा गोळा आणि मागे धगधगता तारा. चित्र ओळखीचे वाटले म्हणून कात्रणांची फाइल काढली. हेच चित्र आपण चार महिन्यांपूर्वी वेगळ्याच ग्रहाच्या नावाने छापले होते! तेव्हा तारा उजवीकडे होता, आता डावीकडे आहे, एवढाच काय तो फरक. खाली ओळ दोन्ही वेळा नाही, त्यामुळे हा दुर्बिणीतून घेतलेला फोटो असावा असेच कुणालाही वाटेल.

मिशेल मेयर आणि दिदिए क्वेलोझ ह्या खगोलशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये ‘५१ पेगासी’ ह्या ताऱ्याभोवतीचा ग्रह शोधला, तेव्हा त्यांनाही तो दिसला नव्हता. दिसत होता तो तारा. त्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा कधी निळ्या बाजूला, तर कधी तांबड्या बाजूला किंचित सरकत होत्या. म्हणजे तारा सेकंदाला पन्नास-साठ मीटर वेगाने आपल्याकडे येत होता आणि तसाच मागे जात होता, आणि दर ४.२३ दिवसांनी हेच. त्याला ओढणारा ग्रह निदान गुरूच्या निम्म्या वजनाचा निघाला. आपल्या गुरूला सूर्याभोवती एका फेरीला जवळजवळ बारा वर्षे लागतात. ह्याचे ‘वर्ष’ आठवडाभरही टिकत नाही! इतका मोठा ग्रह ताऱ्याला इतका खेटून कसा, हे तेव्हा कुणालाच पटेना. ग्रहबिह काही नाही, ताऱ्याचा पृष्ठभागच आत-बाहेर होतो आहे, असा आक्षेपही १९९७ मध्ये घेतला गेला. पुढे तो मागे घेण्यात आला. २०१९ च्या नोबेलचा निम्मा वाटा ह्या दोघांना मिळाला, तो ह्या हेलकाव्याबद्दल.

खरे फोटो मुळीच नाहीत असेही नाही. ‘एचआर ८७९९’ ह्या ताऱ्याचे चार ग्रह टिपले गेले आहेत, पण ते नुसते ठिपके आहेत. पट्टे नाहीत, नारिंगी ढग नाहीत. गंमत म्हणजे हे दोन्ही तारे महाश्व तारकासमूहात, पूर्वाभाद्रपदेच्या दोन ताऱ्यांच्या आसपासच आहेत. अगदी काळोख्या आकाशात ५१ पेगासी नुसत्या डोळ्यांनीही जेमतेम दिसतो. असे ग्रह कसे सापडतात, हे बातमीत दोन ओळींत सांगता आले असते. त्याऐवजी शेवटी ‘जीवसृष्टीची शक्यता?’ असे प्रश्नचिन्ह जोडले आहे. वायूच्या गोळ्यावर उभे राहायला जमीनच नाही, तिथे कसली जीवसृष्टी?

चित्र छापू नका असे माझे म्हणणे नाही. खाली ‘कल्पनाचित्र’ हा एक शब्द टाका आणि शेजारी त्या हेलकाव्याचा आलेख द्या. जागा पुरत नसेल तर चित्र लहान करा.

आपला,
एक नियमित वाचक