मन हातात आण

चि. तेजूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एवढंच म्हणालीस, "आबा, लक्ष हललं." मग दोघंही गप्प झालो. तुझ्या आईनं फोन घेतला, बदाम संपलेत का विचारलं आणि ठेवून दिला. तुझे ते दोन शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळतायत. फोनवर मला नीट मांडता येत नाही, म्हणून आज भांगलण लवकर आटोपून लिहायला बसलोय.

तुझ्या मैत्रिणीनं पाठवलेला तुझ्या कुस्तीचा व्हिडिओ मी तीनदा बघितला. तू 6-2 अशी पुढं होतीस. पाऊण मिनिट उरलं असताना तू मान वर करून घड्याळाकडं बघितलंस. समोरच्या मुलीनं खाली शिरून दोन्ही पाय धरले, दुहेरी पट काढला, तुला पालथी घातली आणि कंबर धरून लोळवत लागोपाठ दोन भारंदाज मारले. 6-8. इथं चौकात लोक म्हणतात, पोरीचा दम कमी पडला. मी बघितलंय, दम भरपूर होता. सव्वापाच मिनिटं तुझा उजवा हात तिच्या मानेवर होता. तो त्या क्षणीही तिथंच होता, पण तू त्या हातात नव्हतीस.

खडाखडीत, म्हणजे उभ्यानं झोंबताना, आपण समोरच्याची मान का धरतो? नुसतं ओढायला नाही. तिचं वजन कुठल्या पायावर आहे, ती शिरायच्या बेतात आहे की दम खातेय, हे मान आधी सांगते आणि डोळ्यांना नंतर दिसतं. आमचे वस्ताद आम्हाला तालमीतल्या मातीच्या हौद्यात डोळे मिटून खडाखडी करायला लावायचे. पहिले आठ-दहा दिवस आम्ही नुसते पडत होतो. मग हळूहळू हाताला कळायला लागलं. पट काढणारा खाली जायच्या आधी त्याची मान किंचित सैल पडते. किती किंचित, ते कागदावर लिहिता येत नाही. ते ज्याच्या हाताला कळतं तो वाचतो. लक्ष लक्ष म्हणतात ते कुस्तीत इथं असतं, तळव्यात आणि बोटांच्या पेरांत. कपाळाला आठ्या घालून ते येत नाही.

आता तुला एक गोष्ट सांगतो. आजवर सांगितली नाही, कारण मला ती जड जाते. माझं वय 21 होतं. एका जत्रेत माझी कुस्ती शेवटून दुसरी लागली होती. चांगली चालली होती, एकदा मी त्याच्या पाठीमागं जाऊन कब्जाही घेतला होता. तेवढ्यात निवेदकानं ध्वनिक्षेपकावरून सांगितलं की या जोडीवर जादा इनाम लागलंय. मी तो आकडा ऐकला. त्या साली तुझ्या आजोबांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर, सोसायटीचं कर्ज होतं. एवढे मिळाले तर किती फिटेल, याचा हिशोब मनात सुरू झाला आणि त्यानं ढाक लावली. दोन्ही खांदे मातीला. हलगी वाजली ती त्याच्यासाठी. त्या रात्री मी घरी गेलो नाही, तालमीतच मारुतीसमोर बसून राहिलो.

वस्तादांनी एका शब्दानं विचारलं नाही. पहाटे जोर घालायला लावले आणि मधेच म्हणाले, "किती झाले?" मला सांगता येईना. "एकपासून." पुन्हा सुरू. पुन्हा कुठंतरी मधेच, "किती?" तीनशेच्या घरात गेलेलो असताना चुकलं तरी एकपासून. तिसऱ्या दिवशी मी रडकुंडीला आलो, तेव्हा ते बोलले. म्हणाले, "मन पळणारच. दावं तुटलं म्हणून जनावराला झोडपत बसायचं नसतं, धरून आणून बांधायचं. तू झोडपत बसतोस, म्हणून दुसऱ्यांदा पडतोस."

तेजू, या शेवटच्या वाक्यासाठीच हे पत्र लिहितोय. तुझी कुस्ती पुन्हा बघ. पट निघाला तेव्हा गुणफलक 6-4 होता. तू अजून पुढंच होतीस! गादीला, म्हणजे मॅटला, घट्ट चिकटून, हातपाय पसरून पडली असतीस तर तिला तुला पलटी करणं सोपं नव्हतं. पण तुझा चेहरा दिसतो त्यात. तू स्वतःवर चिडली होतीस, दात-ओठ खात होतीस, आणि कंबर मोकळी सुटली होती. पहिले दोन गुण घड्याळानं घेतले. पुढचे चार त्या रागानं घेतले. मला घड्याळाचं वाईट वाटत नाही, कुणाचीही नजर जाते. मला त्या चार गुणांचं वाटतं.

2016 साली आपण रिओ ऑलिंपिकची कुस्ती बघायला मध्यरात्र उलटून गेल्यावर उठलो होतो, आठवतं? तू माझ्या मांडीवर अर्धवट झोपेत होतीस. 58 किलो, कांस्यपदकाची लढत, समोर किर्गिझस्तानची टिनिबेकोवा. पहिली तीन मिनिटं संपली तेव्हा साक्षी मलिक 0-5 मागं होती. तू विचारलंस, "आता हरली ना?" शेवटच्या काही सेकंदांत तिनं डाव साधला आणि 8-5 नं जिंकली. भारताच्या मुलीला कुस्तीत ऑलिंपिक पदक पहिल्यांदाच मिळालं. मधल्या तीस सेकंदांच्या विश्रांतीत तिच्या मनात काय चाललं होतं ते तिलाच ठाऊक. पण ती गेलेले पाच गुण मोजत बसली असती, तर पुढचे आठ आले नसते.

गादीवर आल्यापासून तू म्हणतेस की मातीसारखा पाय धरत नाही, लक्ष पायाकडंच जातं. जाऊ दे. खाशाबा जाधव 1948 ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांनाही मॅट नवीन होती, सहावे आले. 1952 ला हेलसिंकीत कांस्य. मधली चार वर्षं गेली. पायाला सवय लागली की तो आपण होऊन गप्प होतो, घाई करू नकोस. आणि वजन उतरवायच्या दिवसांत उपाशीपोटी मन जास्त पळतं, हे तुझ्या कोच मॅडमना मोकळेपणानं सांग. लपवू नकोस.

पुढच्या सरावात एक कर. जोडीदार मुलीला सांग, मधेच कधीही मला गुण विचार. उत्तर देताना तुझा हात तिच्या मानेवरून सैल पडतो का, ते तिलाच विचार. पडला तर चिडायचं नाही. हात घट्ट कर, श्वास सोड आणि पुढं लढ.

आणि उद्यापासून जोर मोजून घाल. मोजणी चुकली की एकपासून. रविवारी फोन करशील तेव्हा किती घातलेस ते सांगू नकोस, कितव्या आकड्यावर चुकलीस ते सांग. तूप आणि बदाम शनिवारी मामाबरोबर पाठवतोय. डबा परत पाठव, आईचा आवडता आहे.

तुझे
आबा