अलिबागच्या वेधशाळेने जे केलं, तेवढंच आम्हाला करू द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

विज्ञानाच्या प्रयोगशाळांत विकतच्या सॉफ्टवेअरऐवजी ओपन सोर्स, म्हणजे सर्वांना खुलं आणि फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरू द्यावं, या विनंतीसाठी हे पत्र. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेपासून सुरुवात करतो. ही वेधशाळा मूळची मुंबईची. कुलाब्यात पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४० च्या दशकापासून होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्या प्रवाहाने नोंदी नासणार हे उघड होतं. संचालक होते नानाभॉय मूस. त्यांनी लोखंडाचा वापर टाळून अलिबागला नवी वेधशाळा उभारून घेतली आणि १९०४ पासून तिथे वेध घ्यायला सुरुवात केली. पण कुलाब्याला लगेच टाळं लावलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे काम चाललं, आकडे एकमेकांशी ताडून पाहिले आणि मगच कुलाबा थांबलं. ट्राम धावली १९०७ मध्ये.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्या संगणक प्रयोगशाळेत अशीच एक ट्राम, म्हणजे काम नासवणारी अडचण, येऊन बराच काळ लोटला आहे, अलिबाग मात्र अजून बांधलेलं नाही.

वैज्ञानिक गणितासाठी आम्ही एक विकतचं पॅकेज वापरायचो. परवान्याची मुदत दरवर्षी संपायची आणि नव्या परवान्याची फाइल कुठल्या ना कुठल्या टेबलावर अडायची. एका वर्षी प्रॅक्टिकल परीक्षेच्या सकाळी पडद्यावर ‘परवाना वैध नाही’ अशी ओळ आली. दुसऱ्या वर्षी परवाना होता, पण तो तपासायला इंटरनेट हवं होतं आणि आदल्या रात्रीच्या पावसाने केबल तुटली होती. पुढचं लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो : त्यानंतर दोन वर्षं आम्ही पेनड्राइव्हवरून आलेली चोरीची प्रत वापरली. ज्या मुलांना प्रयोगाच्या वहीत खोटे आकडे लिहू नका म्हणून दटावतो, त्यांच्यासमोर.

मुलांच्या घरची परिस्थिती वेगळीच. मुंबईतला भाऊ गणपतीला येतो तेव्हा ऑफिसात बाद झालेला लॅपटॉप घेऊन येतो, तोच यांचा संगणक. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची एक सोय) सारख्या अटी आहेत, त्या असल्या जुन्या यंत्रांना झेपत नाहीत. त्याच लॅपटॉपवर विंडोजच्या जागी चालणारं, फुकट मिळणारं हलकं लिनक्स टाकलं की तो पुन्हा कामाला लागतो. गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थिनीने अशाच यंत्रावर पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यातलं एक्स-अरे (xarray) हे साधन वापरून किनाऱ्यावरच्या पावसाच्या नेटसीडीएफ (हवामानाचे आकडे साठवण्याचा एक प्रकार) फाइली उघडल्या आणि निसर्ग वादळाच्या दिवसाचा, म्हणजे ३ जून २०२० चा नकाशा काढला. त्या दिवशी वाऱ्याने तिच्या घराचे पत्रे उडाले होते. एरवी मागच्या बाकावर बसणारी ही मुलगी वर्गाला तो नकाशा अर्धा तास समजावत होती.

ही साधनं दुय्यम आहेत, हा समज आता तरी सोडायला हवा. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळेच संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. संख्याशास्त्रासाठी ‘आर’ ही भाषा आहे, नकाशांसाठी क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर आहे. आमचे निवृत्त सर ज्या फोरट्रानमध्ये आयुष्यभर गणितं करत आले, त्या भाषेतले प्रोग्राम संगणकावर चालण्याजोगे करणारा जीफोरट्रान हा कंपायलरही फुकट मिळतो. मुंबई आयआयटीचा फॉसी (FOSSEE) हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प सायलॅब या गणिताच्या सॉफ्टवेअरचा आणि पायथॉनचा प्रसार करतो. तिथलेच स्पोकन ट्युटोरियल हे व्हिडिओ धडे मराठी निवेदनासह मिळतात आणि नेट नसतानाही पाहता येतात. कोकणातल्या पावसाळ्यात याचं मोल काय, हे मी सांगायला नको.

पैसे वाचतात हे खरं, पण माझ्या दृष्टीने ती दुय्यम बाब. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौर वादळाची नोंद कुलाब्यात झाली होती. त्या आकड्यांवरून २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी वादळाची तीव्रता नव्याने मोजली. दीडशे वर्षांपूर्वीची वही उघडायला त्यांना कोणाची परवानगी लागली नाही. आमच्या कपाटातल्या सीडीवर १५ वर्षांपूर्वीच्या भरती-ओहोटीच्या मापनाची फाइल आहे. ती ज्या आवृत्तीत केली ती आवृत्ती आता आमच्याकडे नाही, त्यामुळे फाइल उघडत नाही. मुलांनी जेटीवर उभं राहून घेतलेले आकडे गेले. साध्या सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत, ठेवले असते तर नोटपॅडमध्येही दिसले असते.

अडचणी आहेत, लपवत नाही. ऑक्टेव्ह या फुकट सॉफ्टवेअरवर आमच्या विकतच्या पॅकेजचे बरेचसे प्रोग्राम जवळजवळ तसेच चालतात, पण सगळे नाही. जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर लिनक्सवर शोधताना माझा एक अख्खा शनिवार गेला. पायथॉनची मोजणी शून्यापासून सुरू होते, त्यामुळे ‘सर, मग पहिला कुठला?’ हा प्रश्न दर जूनमध्ये येतो. शिवाय आम्हा शिक्षकांना नव्याने शिकावं लागतं आणि पन्नाशीनंतर ते सोपं नाही. ऑफिसातली पगारपत्रकं आणि जुन्या फॉन्टमधली मराठी पत्रं सध्या आहेत तिथेच राहू द्यावीत. माझं म्हणणं फक्त विज्ञानाच्या प्रयोगशाळांपुरतं आहे.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये आपल्या कार्यालयांसाठी ओपन सोर्स स्वीकारण्याचं धोरण जाहीर केलं. केरळने सरकारी शाळांत हे कधीच करून दाखवलं. आपल्याकडून मोठा कार्यक्रम नको, उद्घाटन तर नकोच. अनुदानातून होणाऱ्या खरेदीच्या निविदेत सॉफ्टवेअरचं नाव न लिहिता काय काम करायचं आहे ते लिहावं, असा शासन निर्णय निघावा. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीतले १५ दिवस आणि प्रवासखर्च मिळावा. आणि मूस यांच्यासारखी दोन वर्षं द्यावीत. तेवढा काळ प्रत्येक प्रॅक्टिकल विकतच्या पॅकेजवर आणि मुक्त साधनांवर, दोन्हीकडे होऊ द्या, उत्तरं ताडून पाहू द्या. न जुळणारं असेल ते आम्ही आपल्याला लेखी कळवू.

आणखी एक छोटी गोष्ट. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना उत्तर बरोबर असलं तरी पडद्यावरची खिडकी ओळखीची लागते. ‘कुठल्याही साधनाने काढलेलं उत्तर ग्राह्य’ एवढी ओळ परीक्षेच्या सूचनांत आली, तर आमच्याकडे लिनक्स टाकून तयार असलेले १८ संगणक येत्या सत्रापासून वापरता येतील. सध्या त्यांच्यावर प्लास्टिक घातलेलं आहे.

आपला,
रत्नागिरी जिल्ह्यातला एक प्राध्यापक